दहा किलोला पाव किलो

४ मार्च

वहीवालीने सांगितलं म्हणून लिहायला बसलो आहे. वहीवाली म्हणजे आरोग्य केंद्राची बाई. आमच्या गल्लीत घरोघर फिरते, पाच वर्षांखालच्या पोरांची वजनं घेते, ताप-खोकला विचारते. तोंडावर तिला सगळे ताई म्हणतात. काखेत वही एवढी जाड की आधी वही दारात येते आणि मागून ताई.

ती म्हणाली, "आजोबा, दिवसभर घरी तुम्हीच असता. मुंगीचं अंग संध्याकाळी गरम लागतं का, खाते किती, खोकते का, रोज दोन ओळी लिहून ठेवा."

मी म्हटलं, "मी चौथी शिकलेला माणूस. चुका होतील."

"चुका चालतात मला. थापा चालत नाहीत."

मुंगी म्हणजे माझी नात. दोन वर्षं आठ महिने. साखरेच्या डब्याभोवती घुटमळते म्हणून हे नाव पडलं. आता साखरही नको म्हणते. गेल्या महिन्यात वजन दहा किलो दोनशे होतं. काल परत दहा किलो दोनशे. वहीवाली म्हणाली, या वयात वजन अडून बसलं तर कान टवकारायचे. लहान पोरं थुंकी गिळून टाकतात, त्यामुळे मोठ्यांसारखी तपासता येत नाही. वजनच आधी चुगली करतं. पुढच्या तीन तारखेला काटा हलला नाही तर मोठ्या दवाखान्यात नेऊन क्षयाची तपासणी करायची.

हे तिने भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. सूनबाई शांतपणे म्हणाली, "बरं ताई, करू." मला कोणी विचारलं नाही.

७ मार्च

मुंगी : सकाळी अर्धा कप दूध. दुपारी चार घास मऊ भात. संध्याकाळी कपाळ कोमट. खोकला नाही.

दोन ओळी झाल्या. पण मला झोप येत नाही ते कुठे लिहू? म्हणून ठरवलं, वहीवालीला दाखवायला वेगळा कागद, आणि ही वही माझी.

मी तराजू आणि काटे दुरुस्त करतो. माझे वडीलही तेच करायचे. घराची पुढची खोली म्हणजे माझं दुकान. हल्ली दुकानदारांकडे विजेचे काटे आले, त्यामुळे आठवड्यात दोन कामं आली तरी डोक्यावरून पाणी. हातांना काम नसलं की डोक्याला फार काम होतं.

मुलगा ट्रकवर असतो, पंधरा दिवसांनी घरी येतो. सूनबाई बिस्किटांच्या कारखान्यात पाकिटं भरायला जाते, ती चारला येते. तोवर मुंगी माझ्याकडे. शेजारची इस्त्रीवाली दुपारच्या वेळी घरोघर कपडे पोचवायला जाते तेव्हा तिचा ढब्बूही माझ्याकडेच. तो चौदा महिन्यांचा. गुबगुबीत, मांडीला तीन घड्या. दोघं चटईवर जुनी वजनं घेऊन खेळतात. मी खिडकी बंदच ठेवतो. वाऱ्याने तराजूची दांडी थरथरते, ती स्थिर झाल्याशिवाय माप बघता येत नाही. वडिलांची शिस्त.

१० मार्च

वहीवालीने मला एक काम दिलं आहे. गल्लीत कोणाला दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला आहे ते पाहून ठेवायचं. पोरांना हा आजार बहुतेक घरातल्या नाहीतर शेजारच्या मोठ्या माणसाकडून लागतो म्हणे. मी दारात बसून तीन दिवस पहारा केला. शिंपी खोकतो, पण सकाळीच. दूधवाला खोकतो आणि वरून रस्त्यात थुंकतोही, त्याला चांगला झापला. वाचनालयाचा रखवालदार नुसता खाकरतो, पण खाकरण्यातही प्रकार असतात, म्हणून त्याचंही नाव घातलं.

वहीवालीने यादी वाचली. "यात एक नाव राहिलं."

"कोणाचं?"

"तुमचं. मी बसल्यापासून चार वेळा खोकलात."

"माझा खोकला धंद्यातला. पितळ घासून घासून आलेला. माझ्या लग्नाच्या वयाचा आहे तो."

"मग त्याचीही एकदा चौकशी करू," म्हणत तिने पिशवीतून एक छोटी डबी काढली. सकाळी उठल्यावर तीत बेडका द्यायचा. मी घेतली. बाईमाणसाशी वाद कशाला.

डबी सुबक आहे. झाकण असं घट्ट बसतं की मुंगी उघडू शकत नाही. धुऊन, पुसून तीत बारीक स्क्रू भरले. कधीपासून त्यांना जागा हवी होती.

१४ मार्च

संध्याकाळी मुंगीचं अंग गरम. सूनबाईने ताप मोजायची काचेची नळी लावून पाहिली. थोडाच आहे म्हणाली. थोडा हा काय आकडा झाला?

मला सारखी माझी धाकटी बहीण आठवते आहे. मी नऊ वर्षांचा होतो, ती चार वर्षांची. तिलाही असाच संध्याकाळचा कोमट ताप यायचा. वडील दर रविवारी तिला मोठ्या तराजूच्या पारड्यात बसवायचे आणि दुसऱ्या पारड्यात वजनं. पारडी समान व्हावीत म्हणून दर रविवारी एक वजन काढावं लागायचं. ते काढायचं काम माझं. वडील नुसती मान हलवायचे आणि मी उचलायचो. आधी दोनशेचं, मग पाचशेचं. शेवटच्या रविवारी वडिलांनी मान हलवली नाही, तराजूच कापडाने झाकला.

तो तराजू अजून कोपऱ्यात आहे. कापडही तेच आहे की काय कोण जाणे. त्यानंतर वर्षभर आमच्याकडे कोणी दुरुस्तीला काही पाठवलं नव्हतं. लोक रस्ता ओलांडून पलीकडून जायचे.

मुंगी : रात्री जेवली नाही.

१९ मार्च

शिंप्याने आज नवीनच भीती घातली. मुलांची ही तपासणी कशी करतात माहीत आहे का, म्हणाला. नाकातून नळी घालून पोटातलं पाणी काढतात. उपाशीपोटी. दोन जणांनी पोर धरायचं.

वहीवालीला विचारलं. खोटं सांगेल अशी आशा होती. ती म्हणाली, "हो आजोबा, गिळलेली थुंकी पोटात असते ना, ती सकाळी काढायची. बारीक नळी असते. पाच मिनिटांचं काम."

सूनबाई कपडे वाळत घालत होती. तिथूनच म्हणाली, "नळी तर नळी."

"तुला काहीच वाटत नाही?"

"बाबा, मला वाटण्याने तिचं वजन वाढणार आहे का? आणि तसं काही निघालंच, तर मी हिला घेऊन आईकडे जाईन. तिथे ऊन आहे, मोकळी हवा आहे. इथे तुम्ही खिडकीसुद्धा उघडू देत नाही."

मुंगी गेली तर मी काय करू, हे तिने सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. कमरेचा पट्टा ढिला होत होता, त्याला खिळ्याने आणखी एक भोक पाडलं. या काळजीने माणसाच्या अंगावर मांस राहत नाही.

२५ मार्च

वहीवाली पोरांच्या वजनाचा काटा घेऊन आली. घड्याळासारख्या तबकडीचा, हुकाला टांगायचा, खाली कापडी झोळी. "अडकतो हो मधेच. केंद्रात पाठवला तर सहा महिने परत यायचा नाही. बघता का?"

बघतो म्हटलं. आत धूळ आणि एक मेलेलं झुरळ. साफ केला, तेल दिलं. अर्ध्या तासाचं काम.

२६ मार्च

हे लिहावं की नाही, सकाळपासून मनात चाललं आहे. लिहितो.

काटा परत जोडताना स्प्रिंगला धरणारी पट्टी केसभर सरकवली. रिकामी झोळी टांगली की काटा शून्यावर, अगदी बरोबर. भार आला की मात्र थोडा पुढे जातो. दहा किलोला पाव किलो. नुसता शून्य हलवला असता तर वहीवालीच्या लगेच लक्षात आलं असतं. हे आमच्या धंद्यातल्या माणसालाच जमतं. सबंध आयुष्यात एकाही दुकानदाराला मी हे करून दिलं नाही. मागणारे कमी नव्हते.

एका महिन्याचा प्रश्न आहे. तेवढ्यात मुंगी खायला लागेल. मग पट्टी परत जागेवर आणीन. बाकीच्या पोरांना काय, पाव किलो जास्त दिसलं तर कोणाचं वाईट होतं?

३ एप्रिल

वाचनालयाच्या खोलीत वजनं झाली. ही खोली आमच्या समोरच. वहीवालीने हुकाला काटा लावताना सगळ्या बायांसमोर सांगितलं, "आजोबांनी हात फिरवलाय. आता डोळे मिटून विश्वास ठेवा."

मुंगी दहा चारशे. सूनबाई आज महिन्याभराने हसली. वहीवालीने तपासणीच्या चिठ्ठीवर काट मारली.

सतरा पोरं. सोळा वाढली. शिंपी दारातून ओरडला, "आजोबांच्या हातगुणाने गल्ली फुगली की!" बाया हसल्या. वहीवाली हसली, पण वहीची मागची पानं उलटत राहिली. "एकाच महिन्यात सगळी? असं मला आठवत नाही," असं स्वतःशीच म्हणाली.

एकटा ढब्बू घटला. नऊ सहाशेवरून साडेनऊ. इस्त्रीवालीचं तोंड उतरलं. वहीवाली म्हणाली, "दात येताहेत त्याचे. शंभर ग्रॅम म्हणजे काही नाही, पुढच्या वेळी पाहू."

माझ्या डोक्यात आकडा आपोआप उलटला. साडेनऊ म्हणजे खरं सव्वानऊ. शंभर नाही, साडेतीनशे. मी तो आकडा तिथेच गिळला. ढब्बूला काय होतंय? त्याच्या मांड्या बघा. आता नीट पाहिल्या तर घड्या दोनच दिसल्या, पण मोजायला मी काय रोज बसतो?

६ एप्रिल

मुंगी : केळं अर्धं. कपाळ गरम.

झोपेतून दोनदा दचकून उठलो. बनियन घामाने भिजलेला. सूनबाई म्हणते, इतका घाम येण्यासारखं उकडत नाही.

वहीवालीने आज डबीचं विचारलं. "पडतच नाही काही," असं सांगितलं. ती माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिली.

१३ एप्रिल

ढब्बू आज चटईवर खेळला नाही. वजन हातात दिलं तर सोडून दिलं. मांडीवर घेतला, पाठ थोपटली, तर थोपटतानाही रडतो. इस्त्रीवाली म्हणाली, "काका, तुमच्याशिवाय कोणाकडे राहत नाही तो. आता तुमच्याकडेही किरकिर करायला लागला म्हणजे कमालच झाली." दातच असणार.

१७ एप्रिल

ढब्बूला दोन दिवस उलट्या. उजेडाकडे बघत नाही. इस्त्रीवालीने दुकानातून औषध आणलं. मी म्हटलं, केंद्रात ने. ती म्हणाली, "ताईंनीच तर सांगितलं, काही नाही म्हणून."

त्यावर मी काय बोलणार होतो? बोलायला हवं होतं. तोंड उघडलं आणि खोकल्याची उबळ आली. ती थांबेपर्यंत इस्त्रीवाली निघून गेली होती.

१९ एप्रिल

ढब्बूला मोठ्या दवाखान्यात नेला. सकाळी इस्त्रीवालीने हाक मारली तर डोळे उघडेना, आणि उचलला तर मान लाकडासारखी ताठ. शिंप्याने त्याची स्कूटर काढली. मी रस्त्यात उभा होतो. इस्त्री टेबलावर तशीच तापत राहिली होती, ती मी जाऊन बंद केली. एक शर्ट जळला होता.

२१ एप्रिल

क्षय. मेंदूच्या आवरणापर्यंत गेला आहे. पाठीच्या कण्यातून पाणी काढून पाहिलं. पोर अजून शुद्धीवर नाही.

वहीवाली दुपारी आली आणि माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसली. वही मांडीवर, पण उघडली नाही.

"केंद्राच्या साहेबांनी विचारलं, तुझ्या हद्दीतलं पोर इतक्या थरापर्यंत गेलं आणि तुला कळलं नाही? मी वही दाखवली. साडेनऊ आहे तिथे. शंभर ग्रॅमला कोण पाठवतं हो? पण आजोबा, मी त्याला उचललं होतं ना झोळीत. हाताला हलका लागला होता मला. काट्याकडे पाहिलं आणि हाताचं ऐकलं नाही."

मी चहा करायला आत गेलो. आत बराच वेळ उभा राहिलो. चहा घेऊन आलो तेव्हा ती गेली होती.

२२ एप्रिल

आज मुंगी झोपेतून उठली आणि माझ्या कुशीत येऊन बसली. ऊब लागली, भार लागला नाही.

वडिलांच्या तराजूवरचं कापड काढलं. दार लावून घेतलं. दांडी पुसली, पारडी समान आहेत हे दोनदा पाहिलं. मुंगीला पारड्यात बसवलं. तिला खेळ वाटला, "आबा, झोका," म्हणाली. दुसऱ्या पारड्यात दहाचं वजन ठेवलं.

मुंगीचं पारडं वरच राहिलं.

दहाचं उचललं, पाचाचं आणि दोन दोनाची ठेवली. मग त्यावर एक एक लहान वजन चढवत गेलो. दांडी नऊ नऊशेला समान झाली. मुंगीला खाली उतरवून वजनं काढताना एक हातातून निसटलं. मुंगीने ते उचलून मला दिलं.

साठ वर्षं झाली त्या रविवारांना. तेव्हा मान हलवणारा वेगळा होता. आता वजन काढणाराही मीच आणि लपवणाराही मीच.

२३ एप्रिल

सकाळी दहाचं वजन पिशवीत घालून वाचनालयाच्या खोलीत गेलो. रस्ता ओलांडायला तीनदा थांबावं लागलं, इतका दम लागला. वहीवाली कपाट लावत होती.

म्हटलं, "ताई, काटा टांगा."

तिने टांगला. झोळी काढली. मी हुकाला वजन अडकवलं. वजनावर सरकारी शिक्का आहे, दहा किलो. काटा दहावर गेला, थांबला नाही, आणखी पुढे जाऊन थांबला.

वहीवालीने जवळ जाऊन आकडा वाचला. मग वजनावरचा शिक्का वाचला. मग पुन्हा आकडा.

"कधीपासून?"

"सव्वीस मार्च."

"आपोआप झालं?"

"नाही."

मला वाटलं होतं, ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खाली बसली आणि म्हणाली, "मुंगीसाठी." विचारलं नाही, नुसतं म्हणाली. मी ही वही तिच्यापुढे ठेवली आणि सव्वीस मार्चचं पान उघडून दिलं. तिने ते वाचलं. मागची वाचली, पुढची वाचली. दहा मार्चच्या पानावर बराच वेळ थांबली.

"डबीत स्क्रू भरलेत?"

मी मान खाली घातली. एवढं मोठं पाप समोर ठेवलं आणि ही डबीचं काय घेऊन बसली, असं मनात आलं.

"चला, तुमच्या दुकानात चला," ती म्हणाली.

दुकानात आल्यावर तिने आधी खिडकी उघडली. मी म्हटलं, दांडी हलेल. "हलू दे," ती म्हणाली. मग पोत्यांच्या काट्याकडे बोट केलं. "उभे राहा त्यावर."

"मी?"

"शेवटचं वजन कधी केलंत स्वतःचं?"

आठवेना. जन्मभर जगाची मापं बघितली. या काट्यावर पोती चढली, पिंपं चढली, एकदा शिंप्याने पैज लावून बकरी चढवली होती. मी कधी चढलो नव्हतो.

एकेचाळीस किलो. मी म्हटलं, हाही बिघडला असणार. तिने दहाचं वजन काट्यावर ठेवलं. एक्कावन्न. काटा बरोबर होता.

तिने डबीतले स्क्रू माझ्या हातावर ओतले आणि दुसरी, नवी डबी दिली.

२७ एप्रिल

माझ्या बेडक्यात जंतू निघाले. पुष्कळ, असं कागदावर लिहिलं आहे.

वहीवालीने कालच सगळ्या पोरांची वजनं दुरुस्त काट्यावर पुन्हा घेतली. मुंगी धरून तीन पोरं तपासणीला पाठवली. माझ्याकडे येऊन गेलेल्या प्रत्येक पोराच्या घरी ती जाणार आहे.

मी विचारलं, "ढब्बूला माझ्याकडूनच?"

"कोणाकडून कोणाला, हे असं सांगता येत नाही, आजोबा."

ती थापा मारत नाही. पण हे सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती, खिडकीकडे बघत होती.

आता मी एकटा पुढच्या खोलीत. तोंडाला फडकं. मुलगा आला, त्याने मधल्या दाराला पडदा लावला. जाताना एवढंच म्हणाला, "गोळ्या चुकवू नका." चटई उचलून धुतली. तिच्याखाली ढब्बूचं पन्नास ग्रॅमचं आवडतं वजन सापडलं. ते मी स्वतःजवळ ठेवलं आहे.

३० एप्रिल

इस्त्रीवाली दवाखान्यातून कपडे न्यायला आली. खिडकीतून मीच हाक मारली. जवळ येऊ नको म्हणालो आणि सगळं सांगितलं. काट्याचंही सांगितलं, खोकल्याचंही. ती ऐकत उभी राहिली. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

"काका, मी रोज दुपारी तुमच्याकडे सोडत होते त्याला," ती म्हणाली.

एवढंच. मग गेली.

४ मे

मुंगीची नळी झाली. रोज सकाळी उपाशीपोटी, तीन दिवस. सूनबाईने पडद्याआडून सांगितलं. पहिल्या दिवशी दोघींना धरावं लागलं. तिसऱ्या दिवशी नळी बघून तिने आपणच डोकं मागे टेकवलं.

मी इकडे भिंतीला टेकून बसलो होतो. मला वाटलं, सूनबाई आता म्हणेल, याच्या भीतीने केलंत ना सगळं? ती म्हणाली नाही.

"आईकडे कधी जाणार?" मी विचारलं.

"जात नाही. औषध इथल्या केंद्रात मिळतंय. पण बाबा, खिडकी बंद दिसली तर मात्र जाईन."

११ मे

मुंगीला निघालाच. छातीत, सुरुवातीलाच. वहीवाली म्हणते वेळेवर हाती आला, सहा महिने औषध घेतलं की पूर्ण बरी होईल. गोळ्या पाण्यात विरघळतात, संत्र्याच्या चवीच्या आहेत, मुंगी आणखी मागते. पण वेळेवर म्हणजे कोणाच्या? एप्रिलच्या तीन तारखेलाच चिठ्ठी तयार होती. हे वहीवाली बोलली नाही, मीच लिहितो आहे.

तिच्यावर चौकशी बसली होती. मी साहेबांना जबाब लिहून दिला. माझ्या अक्षरात, चुकांसकट. तिची नोकरी टिकली. माझ्या काटे दुरुस्तीच्या परवान्याचं अजून कळलं नाही. मी स्वतःहून पाटी उतरवली.

२० मे

ढब्बूने डोळे उघडले. आईला ओळखलं म्हणतात. डावा डोळा आत वळला आहे आणि डावा हात नीट उचलत नाही. हे असंच राहील की जाईल, डॉक्टर आताच सांगत नाहीत.

ही बातमी मला शिंप्याने रस्त्यातून ओरडून सांगितली. तो आता ओट्यावर चढत नाही. रस्ता ओलांडून जात नाही हेच खूप.

२९ मे

वहीवाली म्हणते, आता माझ्यापासून धोका नाही, बाहेर यायला हरकत नाही. वजन त्रेचाळीस. खोकला निम्म्याने कमी. धंद्यातला खोकला असा गोळ्यांनी कसा कमी होतो, हे मी अजून तिला विचारतो आणि ती अजून हसते.

मी बाहेर जात नाही. मुंगी पडद्याखालून हात घालते. मी तिच्या हातावर वजन ठेवतो, ती परत सरकवते. तेवढंच.

ढब्बू परवा घरी आला. भिंतीपलीकडून रडणं ऐकू येतं. रडतो आहे तोवर बरं. थांबला की माझा जीव टांगणीला लागतो.

३ जून

आज वजनं. खिडकीशी बसलो होतो. समोरच्या खोलीचं दार उघडं होतं.

वहीवालीची आता नवी रीत आहे. पोरांच्या आधी माझं दहाचं वजन हुकाला लावते आणि एका बाईला आकडा वाचायला लावते. आज शिंप्याच्या बायकोने वाचला, "दहा." रस्त्यापलीकडे मला ऐकू आला. सगळ्यांना ऐकू जावा म्हणूनच मोठ्याने वाचतात. ते माझ्यामुळे. तरीही बरं वाटलं.

मुंगी दहा शंभर. सूनबाईने दारातून माझ्याकडे बघून बोटं दाखवली. आधी दोन्ही हात, मग एक बोट. खोटी दहा चारशे झाली होती तेव्हा ती हसली होती. आज हसली नाही. बोटं मात्र दोनदा दाखवली.

सगळ्यात शेवटी इस्त्रीवाली ढब्बूला घेऊन गेली. त्याच्या घड्या गेल्या आहेत. डोकं मोठं दिसतं. झोळीत घातल्यावर तो रडला नाही. खोलीतला बायांचा गलबला एकदम खाली आला. वहीवाली हळू बोलली, मला आकडा कळला नाही. दवाखान्यातून सुटला तेव्हा आठ चारशे होता, हे मला माहीत होतं. त्याच्या खाली गेला असेल तर? वर गेला असता तर कोणीतरी मोठ्याने बोललं नसतं का? मी गजांना धरून बसलो. पन्नास ग्रॅमचं वजन मुठीत होतं, घामाने निसटत होतं.

बाया पांगल्या. इस्त्रीवाली ढब्बूला खांद्यावर घेऊन बाहेर आली. रोज ती माझ्या खिडकीकडे पाठ करून घरात शिरते. आज रस्त्याच्या मधोमध थांबली. मी फडकं तोंडावर ओढलं.

"आठ सातशे," ती म्हणाली.

मी मूठ उघडली.

"ताईंना दोनदा करायला लावलं मी," ती म्हणाली आणि घरात गेली.

८ किलो ७००. लिहून ठेवलं. पुढच्या तीन तारखेसाठी खालची ओळ मोकळी ठेवली आहे.